कुंपणाबाहेरची हजेरी

गेल्या पावसाळ्यात एका दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतली होती. काळ २०९० च्या आसपासचा. किनाऱ्यावरची शहरे पाण्याखाली गेल्यानंतर घाटमाथ्यावर वसवलेले एक नगर. आणि त्या नगरात प्रत्येक मुलाच्या मनगटात बारशाच्या दिवशीच बसवला जाणारा तांदळाच्या दाण्याएवढा मणी. माणूस कुठे गेला, काय जेवला, कोणाशी किती वेळ बोलला आणि बोलताना त्याच्या नाडीचे ठोके किती पडत होते, हे सगळे तो मणी नोंदणीखात्याला कळवत राहतो. नगराला तट आहे. तटाबाहेर 'बिननोंदी' राहतात, म्हणजे ज्यांच्या मनगटात मणी नाही असे लोक. त्यांना नगरात पाऊल टाकायची बंदी आहे आणि त्यांच्यासाठी दवाखाना, शाळा, धान्य यांपैकी काहीही नाही. माझी नायिका नोंदणीखात्यातलीच कारकून असते. एका रात्री ती मणी कापून काढते, सांडपाण्याच्या बोगद्यातून तटाबाहेर जाते, आणि तिथे शेकोटीभोवती बसलेली माणसे तिला नाव न विचारता भाकरी देतात. शेवटचे वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःचेच कौतुक वाटले होते, हे कबूल करायला हवे.

कथा पाठवण्याआधी मी ती माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांना वाचायला दिली. भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी असलेल्या एका आश्रमशाळेत त्यांची सारी नोकरी गेली, आणि मी त्यांना सर म्हणते. चार दिवसांनी कागद परत आले. संपूर्ण कथेत त्यांनी पेन्सिलीने एकाच ठिकाणी खूण केली होती, शेकोटीच्या प्रसंगापाशी, आणि समासात लिहिले होते : "बाहेरच्यांना कोणी मोजत नाही, हे कशावरून?" मी फोन केला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "ताई, तुमची बाई ज्या दिशेला पळते आहे ना, तिकडूनच माझी पोरं शाळेत येतात. तिकडं पोहोचल्यावर भाकरीच्या आधी पोलीसपाटील भेटतो."

त्या एका वाक्याने कथेचा पायाच काढून घेतला, कारण सगळी कथा त्याच गृहीतावर उभी होती. नागरिक पाहिले जातात आणि बहिष्कृत पाहिले जात नाहीत. आतल्यांना सोयी आहेत पण मोकळीक नाही, बाहेरच्यांना मोकळीक आहे पण सोयी नाहीत. भविष्याविषयीच्या अशा कितीतरी कथा याच तराजूवर तोललेल्या असतात, आणि हा तराजू आपल्याला इतका पटतो याचे कारण तो पगारदार माणसाच्या हातातला आहे, असे मला आता वाटते. ज्याचा फोन त्याचा ठावठिकाणा सांगत असतो, ज्याच्या खरेदीवरून त्याला पुढच्या जाहिराती दिसतात, ज्याच्या कार्यालयात दाराशी बोट टेकवून आत जावे लागते, त्याला गुदमरल्यासारखे होते आणि 'बाहेर' ही जागा सुट्टीच्या गावासारखी दिसू लागते. आपल्याकडे वनवासाची गोष्टही राजपुत्राच्याच बाजूने सांगितली गेली. जे आधीपासून वनातच राहत होते त्यांना तिथे कसे वाटत होते, हे विचारायचे सहसा राहून गेले.

सरांनी मला पुढे काही समजावून सांगितले नाही. "१८७१ चा कायदा काढून बघा," एवढेच म्हणाले. मी तो काढला, त्यानंतर १९११ चा, मग १९२४ चा. या कायद्याचे नाव मला ठाऊक होते, विमुक्तांच्या आत्मकथनांमध्ये हजेरीचे उल्लेख वाचलेले होते. पण कलमे ओळीने कधी वाचली नव्हती, आणि ती वाचताना माझ्या कथेतले नोंदणीखाते मला बालिश वाटू लागले.

गुन्हेगार जमाती कायदा १८७१ मध्ये प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. विधेयकामागचा युक्तिवाद असा होता की, या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा मुलगा विणकर, त्याअर्थी पिढ्यानपिढ्या गुन्हे करणारी कुळेही असणारच, आणि त्यांच्यातला माणूस जन्मापासूनच गुन्हेगार मानायला हवा. जातिव्यवस्थेकडे बोट दाखवून राज्यकर्त्यांनी तिच्यात आपल्या वतीने एक नवीन घर पाडून घेतले. सरकारने राजपत्रात एखाद्या जमातीचे नाव प्रसिद्ध केले की तिच्यातला कोणीही माणूस नोंदवहीत घालता येत असे. त्याने काही केलेले असण्याची आवश्यकता नव्हती, आणि त्या अधिसूचनेच्या वैधतेविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नव्हती. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांचीही स्वतंत्र नोंदवही ठेवण्याची तरतूद होती, हे तर मला अजिबात माहीत नव्हते.

१९११ मध्ये हा कायदा मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सगळीकडे लागू करण्याची सोय झाली, आणि १९२४ मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून तो पुन्हा पक्का करण्यात आला. तोवर त्याचे यंत्र पूर्ण झाले होते. नोंदवहीतल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेता येत. त्याने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, राहण्याची जागा कळवायची, ती बदलणार असेल तर आधी सांगायचे, आणि एखाद्या हद्दीबाहेर जाऊ नये असा आदेश असेल तर पासाशिवाय हलायचे नाही. संपूर्ण जमातीला एखाद्या वसाहतीत नेऊन बसवता येई. सहा वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळेत ठेवता येई. परिशिष्टातल्या गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान ७ वर्षे कैद आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी. माझ्या कथेत मी मोठ्या हौसेने एक 'भाकीत विभाग' घातला होता, जो माणसाने अपराध करण्याआधीच त्याला अपराधी ठरवतो. त्या प्रकरणाच्या समासात आता मीच पेन्सिलीने '१८७१' असे लिहून ठेवले आहे.

हे लोक कोण होते, तेही पाहण्यासारखे आहे. बैलांवरून धान्य आणि मीठ देशभर पोहोचवणारे बंजारे, गाढवे घेऊन गावोगाव फिरणारे आणि टोपल्या विणणारे कैकाडी, शिकारीवर जगणारे पारधी. रेल्वे आली, मिठावर सरकारचा ताबा बसला, जंगलावर राखीव म्हणून पाट्या लागल्या, आणि ज्यांचा धंदाच चालण्यावर अवलंबून होता त्यांचे चालणे एकाएकी संशयास्पद ठरले. सारा गोळा करणाऱ्या राज्याला एका जागी बसलेला माणूस हवा असतो, कारण बसलेल्या माणसालाच सातबाऱ्यावर आणता येते.

रामोश्यांची गोष्ट तर माझ्या मनातून जातच नाही. गावाची, किल्ल्याची, वाड्याची राखण हे त्यांचे परंपरागत काम. रात्री गस्त घालणारा, अनोळखी पाऊल ओळखणारा, माग काढत चोराच्या दारापर्यंत जाणारा माणूस म्हणजे रामोशी. पेशवाई गेल्यावर त्यांची वतने आणि हक्क गेले, उमाजी नाईकांनी पुरंदरच्या परिसरात बंड उभारले, १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. आणि ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या इतरांवर नजर ठेवण्याची चाकरी केली त्याचे नाव आज आपल्याला महाराष्ट्राच्या १४ विमुक्त जातींच्या यादीत वाचावे लागते. यात आणखी एक गंमत अशी की पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी पुढेही बरीच वर्षे आपल्या बंगल्यावर रखवालदार म्हणून रामोशीच ठेवत. तो असला की चोरी होत नाही अशी समजूत होती.

मराठीत बहिष्कृतासाठी जो जुना शब्दप्रयोग आहे त्यातही हीच गोष्ट दडलेली आहे. गावकुसाबाहेर. आपण तो उच्चारताना कुसाबाहेर फेकलेल्या, नजरेआड झालेल्या माणसाचे चित्र डोळ्यांसमोर आणतो, परंतु गावकुसाबाहेरचा माणूस गावाच्या नजरेआड कधीच नव्हता. त्याने कोणत्या वेळी वेशीतून आत यावे, कोणत्या वाटेने जावे, काय नेसावे, सावली कुठे पडू द्यावी, हे सर्व गावाने ठरवलेले होते आणि त्यावर गावाचा डोळा होता. उलट कुसाच्या आतल्या ब्राह्मण-मराठ्यांच्या घरांत कोण किती वाजता कोणत्या वाटेने गेला, याची चौकशी करण्याची गरज कोणाला भासत नव्हती.

या सगळ्या वाचनाच्या दरम्यान मला माझी आत्या आठवली. ती सोलापूरला वाढली, आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे, आणि माझे आजोबा तिथल्या एका कापडगिरणीत हिशेबनीस होते. सोलापुरात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची मोठी वसाहत होती, तारेच्या कुंपणात, आणि तिच्यातल्या माणसांना गिरण्यांमध्ये कामाला लावले जात असे. त्या भागाला आजही सेटलमेंट म्हणतात. तिथल्या पत्त्यांत 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असे शब्द येतात, आणि मी लहानपणी ते कुठल्याशा योजनेचे नाव असावे असे समजत होते. 'फ्री' म्हणजे तारेबाहेरची वस्ती. ज्यांची वर्तणूक अधिकाऱ्यांना समाधानकारक वाटे त्यांना तारेच्या आतून या मोकळ्या वसाहतीत जाता येई. माझ्या कथेतल्या मण्याला मी गुण दिले होते, चांगले वागले की गुण वाढतात आणि वरच्या मजल्यावर घर मिळते; तेही माझ्या आधी कोणीतरी बांधून वापरून झाले होते.

आत्याला फोन करून विचारले तर ती म्हणाली, "अगं, आम्हाला त्यांचं काही वाटायचंच नाही. ती माणसं रांगेनं यायची, रांगेनं जायची. भोंगा सगळ्यांसाठी एकच वाजायचा, पण त्यांची मोजणी दोनदा व्हायची, एकदा गिरणीत आणि एकदा तारेत." मग थोडे थांबून तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, दाराशी सूप विकायला आलेल्या एका बाईला दुपारी बसवून घेतले होते, आणि ती बाई चहा अर्धा टाकून उठली होती, कारण तिच्या पासावर वेळ लिहिलेली होती. "तिला वाचता येत नव्हतं," आत्या म्हणाली, "पण उन्हावरून कळायचं."

याच काळात माझ्या आजोबांविषयी सरकारला काय माहीत होते, असा विचार मी करून पाहिला. त्यांचा एकही ठसा कुठे नव्हता. त्यांचे छायाचित्र घरात एकच होते, तेही वरपक्षाच्या घोळक्यात तिसऱ्या रांगेत. ते सोलापूरहून पंढरपूरला गेले काय किंवा विजापूरला गेले काय, कोणालाही कळवावे लागत नव्हते. म्हणजे नागरिक असण्याचा त्या वेळचा अर्थच असा होता की तुमच्याविषयी कोणी काही लिहून ठेवत नाही. नोंदवहीत नाव असणे ही तारेच्या आतल्यांची खूण होती.

अंगठ्याच्या ठशाचा प्रवासही याच दिशेने झाला आहे, बाहेरून आत. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा करार करताना एका स्थानिक ठेकेदाराच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. हेतू एवढाच की पुढे त्याने सही नाकारू नये. १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याच अधिकाऱ्याने दस्तनोंदणी, तुरुंग आणि निवृत्तिवेतन या तीन ठिकाणी बोटांचे ठसे सुरू केले. निवृत्तिवेतनाचे कारण वाचून मी जागच्या जागी थबकले, कारण मृत माणसाच्या नावावर दुसऱ्याच कोणी पैसे उचलू नयेत, हे ते कारण होते. बनावट लाभार्थी शोधण्याची भाषा आपल्याला आजच्या परिपत्रकांतून ओळखीची आहे. तिचे वय दीडशे वर्षांच्या घरात आहे. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे जुळवण्याचा विभाग निघाला, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी वर्गीकरणाचे किचकट काम केले, पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे मिळाले, आणि १९०१ मध्ये ती लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोहोचली. ज्या देशात ती तयार झाली तिथे तिचा पहिला मोठा गिऱ्हाईक कैदी आणि गुन्हेगार ठरवलेला भटका होता. सभ्य माणसाला अंगठा उमटवायला सांगणे हा त्याचा अपमान मानला जाई. आपल्या भाषेत 'अंगठाबहाद्दर' ही शिवी आहे ती उगाच नव्हे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून विमुक्त हा शब्द आला, आणि म्हणून ३१ ऑगस्ट हा दिवस त्या वस्त्यांवर विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. बाकीच्या देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी. जन्माने गुन्हेगार ही संज्ञा गेली व तिच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ मध्ये, आणि कागदावर ते कोणत्याही जातीचे नाव घेत नाहीत. गावात चोरी झाली की पहिल्यांदा पालांवर जायचे, ही सवय कायद्याने लावली होती. ती कायद्याबरोबर गेली नाही.

पण मला ज्याविषयी लिहायचे आहे ते पुढचे आहे. १९५२ नंतर हळूहळू नोंदवहीचा अर्थच बदलत गेला. शिधापत्रिका, मतदारयादी, जातीचा दाखला, घरकुल, शिष्यवृत्ती, अशी एकेक गोष्ट नोंदीला जोडली गेली, आणि जी नोंद पूर्वी शिक्षा होती ती आता भाकरीचा दरवाजा झाली. त्या दरवाजाशी पुन्हा तीच माणसे उभी राहिली, या वेळी बाहेरच्या बाजूला. पाल आज इथे तर उद्या तिथे, त्यामुळे रहिवासाचा पुरावा नाही. बाळंतपण पालातच झाले, त्यामुळे जन्माचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून शाळेत वय अंदाजाने लावलेले, आणि ते अंदाजाचे वय आयुष्यभर दुसऱ्या कागदाशी जुळत नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालचा राष्ट्रीय आयोग आणि त्यानंतर भिकू रामजी इदाते यांचा आयोग, दोघांनीही कागदपत्रांच्या या अभावाकडे लक्ष वेधले आहे.

महाराष्ट्रात विमुक्त जाती किंवा भटक्या जमातीचा दाखला हवा असेल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी आपले कुटुंब या राज्यात राहत होते याचा पुरावा मागितला जातो. माझ्यासारखीला तो जुन्या घराच्या करपावतीतून, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यातून सहज काढता येईल. ज्याच्या पणजोबाला एका जागी राहायला परवानगी नव्हती, किंवा एका जागेवरून हलायला परवानगी नव्हती, त्याने तो कुठून आणायचा? सर सांगत होते की त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीचे शिक्षण अशाच दाखल्यापायी अडले आहे, आणि शेवटचा उपाय म्हणून ते दोघे बापलेक पणजोबांचे नाव सेटलमेंटच्या जुन्या नोंदींत सापडते का ते शोधत आहेत. हजेरीच्या वहीत नाव आणि अंगठा निघाला, तर तोच १९६१ पूर्वीचा पुरावा. हे ऐकून मी काही वेळ बोललेच नाही. ज्या वहीतून नाव निघावे म्हणून एका पिढीने डोके फोडले, त्याच वहीत ते नाव असू दे म्हणून चौथी पिढी कचेऱ्यांचे जिने चढते आहे.

आधारची सुरुवात महाराष्ट्रातच झाली, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, आणि पहिला बारा आकडी क्रमांक एका आदिवासी महिलेला देण्यात आला. ही निवड बोलकी होती. ज्यांच्याकडे काहीच कागद नाही त्यांना एक कागद मिळेल, असे ते आश्वासन होते, आणि पुष्कळांना तो मिळाला हेही खरे आहे. सरांच्या शाळेतल्या कित्येक मुलांची पहिली सरकारी ओळख तीच आहे, आणि त्यामुळे या यंत्रणेला सरसकट नावे ठेवणाऱ्या शहरी लेखांचा त्यांना राग येतो. तो राग मी समजू शकते. मात्र कागद असणे वेगळे आणि प्रत्येक महिन्याला त्या कागदाने आपल्याला ओळखणे वेगळे. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारशी जोडणी नसल्याने शिधापत्रिका रद्द झाली आणि ती भुकेने गेली असे घरच्यांचे म्हणणे होते, मलेरियाने गेली असे सरकारचे. शिधापत्रिका रद्द झाली होती, याबद्दल वाद नव्हता. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा मताने बँक खाते आणि मोबाइल यांच्यासाठीची आधारसक्ती काढून टाकली, अनुदान आणि शिध्यासाठीची कायम ठेवली. मतभेद नोंदवणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. निकालाचा व्यावहारिक अर्थ माझ्या बाजूने असा झाला की मला माझी ओळख पटवून देण्यातून सूट मिळाली, आणि जिला धान्य लागते तिला मिळाली नाही.

हे न्यायालयापर्यंत जाऊन पाहण्याची गरजच नव्हती, माझ्या इमारतीच्या फाटकाशी उभे राहिले असते तरी पुरले असते. आमच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी फाटकावर यंत्र बसवले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा. माझ्या गाडीच्या काचेवर एक पट्टी चिकटवलेली आहे. ती दिसली की अडसर आपोआप वर जातो आणि मी कधी आले, कधी गेले हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मात्र रोज फाटकाशी थांबून यंत्रावर बोट टेकवतात, त्यांचा फोटो आमच्या फोनवर येतो, किती घरे त्यांनी केली आणि कोणत्या घरात किती वेळ थांबल्या याचा हिशेब महिन्याअखेरीस सगळ्यांना दिसतो, आणि जाताना त्यांची पिशवी उघडून बघितली जाते. त्यांची पोलीस-पडताळणी झालेली आहे. माझी कोणी केली नाही. मावशी राहतात ती वस्ती सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून आहे, आणि त्या भिंतीवरचे चारही कॅमेरे वस्तीकडे तोंड करून आहेत.

धुण्याच्या पावडरीने आणि भांड्यांच्या घासणीने मावशींच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. फाटकावरचे यंत्र आठवड्यातून दोनदा तरी त्यांना ओळखत नाही. मग रखवालदार जुन्या वहीत नाव लिहून घेतो आणि त्यांना आत सोडतो, कारण त्या आत आल्या नाहीत तर आमची भांडी पडतील. रेशनच्या दुकानातले यंत्रही त्यांना ओळखत नाही. तिथे वही नाही. त्या तीनदा अंगठा लावतात, दुकानदार फडक्याने काच पुसतो, त्या पदराने बोट पुसतात, आणि मग शाळा बुडवून मुलाला आणावे लागते, कारण पत्रिकेवर त्याचेही नाव आहे आणि त्याचा अंगठा अजून उमटतो. एकाच बाईला एक यंत्र पाहत असते आणि दुसऱ्याला ती दिसत नाही, आणि दोन्ही यंत्रे एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने.

तर कथेचे काय झाले, ते सांगते. तट मी ठेवला आहे. मणी काढून टाकला, म्हणजे आतल्यांच्या मनगटातून काढला. आता तो तटाबाहेरच्यांच्या मनगटात आहे, आणि आतल्या लोकांना तो दिसतही नाही, कारण त्यांच्यासाठी सगळी दारे आपोआप उघडतात. बिननोंदी हा शब्द खोडावा लागला. शेकोटीचा प्रसंग संपूर्ण गेला, आणि त्याच्या जागी नायिका तटाबाहेर येते तेव्हा संध्याकाळची हजेरी चालू असते, असा प्रसंग आला. तिला वाटते की आपण कोणाला दिसणार नाही. पण रांगेत एक माणूस जास्त भरतो, मोजणी चुकते, आणि मोजणी जुळेपर्यंत कोणालाही भाकरी मिळणार नाही असा तिथला नियम असतो. पुढे काय होते हे मला अजून नीट सुचलेले नाही. अंकाची मुदत केव्हाच टळली. संपादकांनी पुढच्या वर्षी पाहू म्हटले आहे.

सरांना हा नवा खर्डा पाठवला होता. त्यांचे उत्तर काल आले, पण कथेविषयी त्यात काहीच नव्हते. आत्या सोलापूरची असेल तर तिला विचारून पाहा, असे त्यांनी लिहिले आहे. गिरणीत हिशेबाला असणारी माणसे सेटलमेंटातल्या कामगारांचे हजेरीपट स्वतंत्र ठेवत असतील, तर आजोबांच्या कागदांत एखादा उरलेला असू शकतो. आजोबांची लोखंडी ट्रंक धाकट्या काकांच्या माळ्यावर आहे. रविवारी जाऊन ती खाली काढायची असे ठरले आहे.